दुरपताबाईचा काळा दोरा

भर बाजारात, शेदोनशे माणसांसमोर, "बाई, सकायी पोट साफ होते का?" असं मला विचारणारी दुरपताबाई ही माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची व्यक्ती. गावात येऊन मला तीन दिवस झाले होते. मुलींच्या शाळेची मास्तरीण म्हणून नेमणूक, अंगावर इस्त्रीचं पातळ, आणि चेहऱ्यावर वर्ध्याहून सोबत आणलेला सगळा मान. तो मान त्या एका प्रश्नात वैनगंगेला मिळाला. मी न ऐकल्यासारखं करून पुढे सरकले, तर मागून आणखी मोठा आवाज आला, "लाजू नोका! तोंड पाहून इचारलं! नवं पानी हाय, चार दिवस बांधून धरते!"

बांधून धरलंच होतं. माझी आणि तिची ओळख झाली ती अशी.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. मालगुजारांची जमीनदारी नुकतीच गेली होती, जिल्ह्याला सगळे चांदाच म्हणत, आणि आरमोरीच्या बाजूच्या आमच्या गावी यायचं तर ब्रह्मपुरीपर्यंत छोटी आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि मग डोंग्यात बसून नदी ओलांडायची. डोंगा चालवायचा किसनभाऊ, दुरपताबाईचा नवरा. जातीने ढिवर. मासे धरायचा, माणसं पार करायचा आणि दिवसातून मोजून दहा शब्द बोलायचा. घरातले बाकीचे सगळे शब्द दुरपताबाईकडे होते.

तिचा धंदा लाह्या, मुरमुरे आणि फुटाण्यांचा. उजाडता उजाडता तिची भट्टी पेटायची. कढईत नदीची बारीक वाळू तापत ठेवायची, ती तापली का हे बघायला धानाचे पाच दाणे टाकायचे आणि वाकून वाट बघायची. दाणा फुटून पांढरी लाही वर आली की ही टाळी वाजवायची. "फुटली! पाह्य कशी फुटली!" तीस वर्षं रोज तेच काम, तीच वाळू, आणि रोज तेवढाच आनंद! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आज काहीतरी विशेष घडलं असावं. पुढे कळलं की दुरपताबाईच्या लेखी रोजच काहीतरी विशेष घडत असतं.

ती बसलेली मी क्वचितच पाहिली. जेवायचीसुद्धा उभ्याने, आणि बोलत. हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. कुणाचं गुपित सांगायचं असेल तर ती आधी "कोनाले सांगू नोका" असं ओरडायची आणि मग ते गुपित तेवढ्याच आवाजात सांगायची. आणखी एक. तिकडच्या बाया स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. सुरुवातीला मला हसू यायचं. वर्षभरात मीही तिच्याशी तसंच बोलायला लागले, आणि शाळेत मुलींसमोर जीभ घसरली की सावरून घ्यायची.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी ती गावातल्या म्हाताऱ्या कोष्ट्याशी भांडली. भांडण लुगड्यावरून. तिचं म्हणणं असं की त्याने विणलेलं लुगडं सकाळी पुरतं आणि संध्याकाळी आखूड होतं. सकाळी निऱ्या खोचल्या की घट्ट बसतात. दिवेलागणीला गाठ निसटते आणि पदर डोक्यापर्यंत पोचत नाही.

"सुतात खोट हाय तुह्या! उन्हानं आटते!" ती त्याच्या दारात उभी राहून ओरडत होती.

म्हातारा शांत माणूस. त्याने लुगडं ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायांसमोर हाताने मोजलं, दिवसभर उन्हात टाकलं, आणि संध्याकाळी त्याच चौघींसमोर पुन्हा मोजलं. बोटाचाही फरक नाही. मग तो म्हणाला, "दुरपता, कपडा तं तेवढाच हाय. दुसरं काय वाढून राह्यलं थे आता तूच पाह्य."

दुसरी एखादी लाजेने घरात जाऊन बसली असती. दुरपताबाई गप्प झाली खरी, पण ती अर्धाच मिनिट. मग तिने त्याच्याचकडून दोन हात काळा दोरा मागून घेतला.

तिला तेव्हा अठ्ठेचाळीसावं चालू होतं. महिन्याचं बाहेर बसणं बिघडलं होतं; दोन महिने काहीच नाही, मग एकाच महिन्यात दोनदा. मधेच अंगातून वाफा निघायच्या. जन्मभर भट्टीसमोर उभ्या असलेल्या बाईला आतून भट्टी लागली तर तिने सांगायचं कुणाला? आणि सगळ्यात जास्त छळलं ते पोटाने. संध्याकाळी फुगायचं, आंबट पाणी घशाशी यायचं, चार दिवस कोंडून राहायचं आणि पाचव्या दिवशी धावपळ. गावातल्या बायांचं यावर एकच उत्तर होतं. बाहेर बसणं थांबलं म्हणजे जे बाहेर पडायचं ते रक्त आत अडकतं, साठत जातं, म्हणून पोट फुगतं. ते बाहेर काढायला तीळगुळाचा कडक काढा प्यायचा. दुरपताबाई महिनाभर तो काढा प्याली. पोट होतं तिथेच राहिलं, वर छातीत जळजळ सुरू झाली.

दोरा घेतल्यावर चौथ्या दिवशी ती माझ्या वर्गात घुसली. मुली सातचा पाढा म्हणत होत्या.

"बाई, सापडलं!"

पाढा सात चोक अठ्ठावीसवर तुटला. तिच्या हातात तो काळा दोरा, त्याला दोन गाठी.

"हे पाह्य. मी रोज पोटाले गुंडाळून पाह्यलं. हे गाठ सांजची. हे गाठ सकायची. मधात चार बोटं फरक!"

"म्हणजे काय?"

"म्हंजे काय म्हंजे! रक्त साठलं असतं तं रातभरात कुठी गेलं? मी तं झोपून होतो! रक्त काई पाखरू हाय का, रातच्याला उडून जाते अन् दिवसा येऊन बसते? वारा हाय बाई, वारा! अन् वारा जेवनापान्यातून येते. काढे कायले प्याचे मंग?"

पन्नास वर्षं होऊन गेली असतील, मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. पण एवढं स्वच्छ बोलताना फार थोड्यांना ऐकलं. मला इतका आनंद झाला की मी मुलींना सुटीच देऊन टाकली.

मग सुरू झाले प्रयोग. आमचा बाजार दर बुधवारी. तिचा नियम असा की एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत एकच वस्तू बंद करायची, बाकी सगळं होतं तसं. दोन वस्तू एकदम सोडल्या तर चोर कोण ते कळणार नाही. पहिल्या आठवड्यात तिने फुटाणे सोडले. विकता विकता दिवसभर मूठमूठ तोंडात टाकायची ती. चार बोटांची तीन बोटं झाली. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची लाखोळीची डाळ बंद. ही डाळ तिकडे घरोघर. ती सोडणं म्हणजे थट्टा नव्हे. तिनाची दोन बोटं! तिसऱ्या आठवड्यात चहा सोडला, काहीच फरक पडला नाही, तेव्हा ती एवढी खूश झाली की एका बैठकीत तीन पेले प्याली. मग किसनभाऊची वाट न बघता दिवेलागणीआधी जेवायचं, तेही पोटभर न जेवता दिवसात चार वेळा थोडं थोडं. जेवण झालं की नदीपर्यंत पायी जाऊन त्याला हाक मारायची. दुपारी ताक, रात्री गरम पाण्याबरोबर चिमूटभर ओवा. भट्टीवर घाम गाळणाऱ्या बाईने पाणी कमी प्यायचं नाही, हेही तिचं तिनेच शोधून काढलं. त्याने कोंडणं सुटलं. शेवटी राहिलं ते बोलत बोलत जेवणं. घासागणिक वारा गिळला जातो हे तिला पटलं होतं. तो प्रयोग एक जेवण टिकला.

हळूहळू बाजारात तिच्या लाह्यांच्या टोपल्यांभोवती बाया जमायला लागल्या, चाळिशी उलटलेल्या, कुणी पन्नाशीच्या. लाह्या घ्यायच्या आणि पदराआडून दोरा पुढे करायचा. प्रत्येकीला ती वेगळं सांगायची, कारण "तुह्यं पोट तुह्यं, माह्यं पोट माह्यं." कुणाला दूध सोसत नव्हतं, कुणाला कच्चा कांदा. एकीचा दोष निघाला तंबाखूचा, एकीचा जेवल्याबरोबर आडवं होण्याचा. एक अशीही होती की जिने सहा बाजार सगळं करून पाहिलं आणि दोरा काही हलेना; तिच्यावर दुरपताबाई अशी चिडली, जसं काही तिनेच मुद्दाम केलं. मी स्वतः पुढे त्या वयाची झाले तेव्हा एका डॉक्टरांनी मला समजावलं की पाळी जाताना शरीराची आतली घडी बदलते, आतडी सुस्तावतात, पूर्वी पचलेलं आता अडतं. मी मान डोलावली. मला ते बाजारात उभ्या उभ्या शिकवून झालं होतं, आणि माझा चोर हरभऱ्याची डाळ निघाला.

दुरपताबाईला लिहिता येत नसे. तेव्हा "बाई, लिहून ठेवा!" हा हुकूम मला. मी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेले. एकदा शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले, त्यांनी हजेरीपट उलटा उघडला आणि मोठ्याने वाचलं, "सखू, लाखोळी बंद, दोन बोटं. भागरथा, दूध बंद, फरक नाही. अनसा, जेवताना बोलणं बंद, जमलं नाही." चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "ही कोणत्या इयत्तेची नोंद?"

मी कोरा फळा पुसायला लागले. पण साहेबांसाठी लाह्या घेऊन दुरपताबाई दारातच उभी होती.

"सगळ्यात वरच्या, साहेब," ती म्हणाली, "सात सात लेकरं झालेल्या बाया हायत."

मग तिने त्यांच्या घरच्या बाईंच्या पोटाची चौकशी केली. साहेब लालबुंद झाले, मला वाटलं माझी नोकरी गेली. जेवणानंतर मात्र ते मला बाजूला घेऊन, घसा साफ करत, दोरा सुती लागतो की रेशमी चालतो, असं विचारत होते. जाताना त्यांच्या कोटाच्या खिशात दोन हात काळा दोरा होता.

अशा त्या चढत्या दिवसांत गिरजा आली.

गिरजा पंचेचाळिशीची. नामदेवभाऊंची बायको; घरचं धान, चार बैल, सगळं नीट. लग्नाला तीस वर्षं होऊन मूल नव्हतं. नामदेवभाऊंनी दुसरी बायको केली नाही म्हणून सासू त्यांच्यावरही रागावलेली आणि हिच्यावरही. गिरजा कुणाच्या बारशाला जात नसे, म्हणजे तिला कुणी बोलावत नसे. श्रावणात ती दुरपताबाईकडे आली. चार महिने बसणं बंद होतं, पोट वाढत होतं. दुरपताबाईने दोरा दिला. पहिल्या बाजाराला सकाळ संध्याकाळ एकच माप. दुसऱ्या बाजारालाही एकच. तिसऱ्या बाजाराला दोरा दोन बोटं पुढे गेला होता, आणि सकाळीसुद्धा मागे आला नव्हता.

दुरपताबाईने दोरा डोळ्यांसमोर धरला. मी शेजारीच होते. तिचा चेहरा लाही फुटताना व्हायचा तसा झाला.

"वारा नाई हा!" ती ओरडली. "गिरजा, लेकरू हाय! लेकरू!"

अख्खा बाजार वळला. बाया धावत आल्या, कुणी गिरजाला मिठी मारली, कुणी रडलं. दुरपताबाईने सगळ्या लाह्या वाटून टाकल्या, मूठमूठ, येईल त्याला. सासूला कुणीतरी बोलावून आणलं. ती म्हातारी तीस वर्षांचं सगळं विसरून सुनेच्या तोंडात साखर घालत होती. मीही खूप आनंदले, लपवत नाही. गिरजा दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती आणि हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पोळा गेला, गणपती गेले. दर दोन दिवसांनी दुरपताबाई गरम लाह्या घेऊन गिरजाकडे जायची. मग एका संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली आणि आल्या आल्या खाली बसली. तिला बसलेली पाहूनच मी हातातली वही मिटली.

"बाई, गिरजा दोन घासात उठते."

"डोहाळे असतील."

"डोहाळ्यानं गाल जात नाईत. हात पाह्यले का तिचे? बांगड्या कोपरापर्यंत सरकून राह्यल्या. बाई पोटुशी असली का गालावर तेज येते. हिचं सारं आटून राह्यलं अन् पोटच तेवढं वाढून राह्यलं. अन् लेकरू हालत नाई, बाई. येवढे महिने झाले, एक डाव बी लाथ नाई."

"मग काय असेल?"

"थे मले नाई समजत. मले येवढंच समजते का मी चुकलो." ती आपल्या पंजांकडे बघत होती. "दोऱ्यानं मले सांगतलं का हा वारा नाई. लेकरू हाय, हे दोऱ्यानं नाई सांगतलं. थे मीच सांगतलं."

दुसऱ्या दिवशी ती गिरजाच्या घरी गेली आणि चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू या म्हणाली. सासू दारातच आडवी आली. "भर बाजारात बोंबलली होतीस ना? आता आमच्या दारात गुपचूप काऊन आलीस? जे बोलाचं थे बाजारात बोल!" आतून गिरजाचा आवाज आला, "तिले घालवा. तिची नजर लागन माह्या लेकराले." आणि दार लागलं.

बुधवार आला. दुरपताबाईने लाह्या मांडल्या नाहीत. रिकामी टोपली पालथी घातली आणि तीवर चढून उभी राहिली. मला वाटलं टोपली मोडणार.

"आइका!" तिचा तो आवाज पार बैलबाजारापर्यंत गेला. "गिरजाच्या पोटात लेकरू हाय असं मीच सांगतलं. मी चुकलो! मले खुशी झाली अन् मी पाह्यल्यासारखं बोलून गेलो! थे लेकरू नाई. दुसरं काईतरी हाय, अन् थे तिले खाऊन राह्यलं. उशीर केला तं गिरजा जाईन!"

एक बाई थुंकली. दुसरीने आपला दोरा काढून तिच्या पायाशी टाकला, मग तिसरीने. दुरपताबाई हलली नाही. मिठाच्या दुकानापाशी नामदेवभाऊ उभे होते. ते गर्दीतून पुढे आले.

"लेकरू नाई तं काय हाय?"

"माहीत नाई, भाऊ. थे डॉक्टरीनबाई सांगन. तिनं लेकरू म्हटलं तं तुम्ही येऊन माह्यी भट्टी फोडा. मी हात नाई धरनार."

नामदेवभाऊंनी मिठाची पुडी पंच्यात बांधली. मग म्हणाले, "गाडी जुपतो."

दिवाळीची सुटी लागली होती, आणि लिहायवाचायला कुणीतरी हवं म्हणून मीही गेले. नवऱ्यापुढे गिरजाचं काही चाललं नाही. पण डोंग्यात, गाडीत, स्टेशनावर, कुठेच तिने दुरपताबाईकडे पाहिलं नाही. किसनभाऊने तिला डोंग्यात हात देऊन बसवलं आणि म्हणाला, "बाई, मधात बसा. मधात हालत नाई." मी त्याला एवढं लांबलचक बोलताना पहिल्यांदा ऐकलं. दुरपताबाई आगगाडीत जन्मात पहिल्यांदा बसत होती. दोन स्टेशनं तिने कशीबशी तोंड मिटून काढली, आणि मग तिच्याने राहवेना. "पाह्य, झाडं कशी मांगं पळून राह्यली!" एवढं ओरडून तिने आपलाच हात तोंडावर दाबला. गिरजा खिडकीकडे वळून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्याच दिवशी कापायचं ठरवलं. गाठ निघाली, कोहळ्याएवढी. "योग्य वेळी आणलंत," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून थोडं थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. वाचली बाई!" नामदेवभाऊ भिंतीला टेकून खाली बसले. दुरपताबाईने डॉक्टरीणबाईंना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. त्यांचे हात धरून ती नाचत होती, "वाचली! वाचली!" आणि दवाखान्यातले सगळे पेशंट मान वर करून पाहत होते. मीही रडत होते, हसत होते, मला माझंच कळत नव्हतं.

संध्याकाळी गिरजा शुद्धीवर आली. ओठ सुकलेले. तिने विचारलं, "पोरगं का पोरगी?"

नामदेवभाऊ उठून बाहेर गेले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. दुरपताबाई पुढे झाली, वाकली, गिरजाच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. चार हातांवर असून मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. गिरजाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गिरजा बरी झाली. गाल भरले, पुढच्या पावसाळ्यात ती रोवणीला चिखलात उतरली. पण दुरपताबाईशी ती एक शब्द बोलली नाही. बाजारात दोघी समोरासमोर आल्या तर गिरजा दुसऱ्या ओळीने निघून जायची. "जित्ती हाय ना? मंग झालं," असं दुरपताबाई मला मोठ्याने सांगायची, आणि गिरजाच्या घराकडच्या वाटेकडे पुन्हा पुन्हा पाहायची. मला तिचं फार वाईट वाटायचं. बाकीच्या बाया मात्र एकेक करून परत आल्या. तिने आता एक नवा नियम केला होता: दोरा सकाळी मागे येत नसेल, किंवा दोन घासात पोट भरत असेल, तर तिच्याकडे यायचंच नाही, सरळ चांद्याला जायचं. किसनभाऊ फुकट पार करेल.

वर्षभराने माझी बदली वरोऱ्याला झाली. सामान गाडीत चढवून झालं आणि मी सकाळीच निरोप घ्यायला भट्टीवर गेले. ती मला वाटेसाठी लाह्या बांधून देत होती, वरोऱ्याच्या पाण्याबद्दल बजावत होती, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. गिरजा! चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरे, दोन्ही हात पोटावर.

"दुरपता," ती म्हणाली, "मले पाह्य वं. थे परत आलं."

दुरपताबाईच्या हातातला झारा पडला. तिने चटई अंथरली, गिरजाला हाताला धरून आडवी केली. लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले. मग ती हलकेच इकडे दाबून पाहायला लागली, तिकडे दाबून पाहायला लागली, आणि जागोजागी बोटाने वाजवून कान लावायला लागली.

"कधीपासून?"

"काल सांजपासून. कडक झालं. झोप नाई लागली. आपरेशन झालं तवापासून बसनं बी बंद हाय, मले वाटलं आतमधी पुन्हा…" पुढचं तिला बोलवेना.

"काल काय खाल्लं?"

"जाऊबाईच्या नातवाचं बारसं होतं. मले बोलावलं औंदा." गिरजाने डोळे मिटले. "पुरनपोळी खाल्ली. वडे खाल्ले."

"किती वडे?"

"मोजले नाई."

दुरपताबाईने तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, आणि पाठीवरून खालून वर तळहात फिरवत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. कढईतली वाळू तापून धूर निघत होता आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी देवाचं नाव घेत उभी होते.

आणि गिरजाला ढेकर आला. केवढा मोठा! लांबलचक, खणखणीत, संपता संपेना असा. बाहेर माझ्या गाडीच्या बैलांनी कान टवकारले.

मग गिरजाने हळूच पोटाला हात लावून पाहिला. तिचा चेहरा बदलत गेला.

"उतरलं?" दुरपताबाईने विचारलं.

"उतरून राह्यलं."

"तरी बी सोमवारी डॉक्टरीनबाईले दाखवू. मी एकटी आता कोनाचं पोट नाई सांगत."

"दोघी जाऊ," गिरजा म्हणाली. ती उठून बसली, पदराने तोंड पुसलं, आणि एकदम हसायला लागली. "काय वं दुरपता, येवढा मोठा झाला! याचं बी बारसं करा लागते आता!"

गिरजाच्या खांद्यावर डोकं ठेवून दुरपताबाई रडत होती, आणि गिरजा तिच्या पाठीवरून हात फिरवत हसत होती. मी तशीच मागे फिरले आणि गाडीत जाऊन बसले.